जेम्सटाउन: काढायची होती वखार, झाली वसाहत

जेम्सकाठचा

आपल्याकडे चौथीला शिवछत्रपती, तसं इकडे व्हर्जिनियात चौथीला जेम्सटाउन, म्हणजे अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत. लेकीला शाळेत किल्ला करून न्यायचा होता. अख्खा रविवार जेवणाचं टेबल आइस्क्रीमच्या काड्यांनी भरलेलं. किल्ला तिकोनी: नदीकडची बाजू ४२० फूट, उरलेल्या दोन ३००-३०० फूट, तिन्ही कोपऱ्यांत तोफांसाठी गोल बुरूज. दिवाळीतल्या किल्ल्याची सवय असलेला मी विचारून बसलो, की माणसं कुठे उभी करायची. ती काड्या चिकटवता चिकटवता म्हणाली, "फार नको करूस बाबा. त्यातली बरीच मरतात."

तेव्हापासून या विषयात जो अडकलोय तो अजून सुटलेलो नाही. जागा घरापासून जवळ, त्यामुळे दोनतीनदा जाऊनही आलो. थोडं लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

पहिल्या जेम्स राजाने एप्रिल १६०६ मध्ये व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. डिसेंबरात लंडनहून तीन जहाजं निघाली: सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी. मिळून १४४ माणसं, त्यातली ३९ खलाशी. डिस्कव्हरी जेमतेम २० टनांचं. त्याची प्रतिकृती धक्क्याला लावलेली आहे, तिच्यावर चढलो आणि गावच्या तरीची आठवण झाली. असल्या होडक्यात २१ माणसं बसून अटलांटिकपार आली. तिकडे गेल्यावर कारभार कुणी बघायचा हे निघताना कुणालाच माहीत नव्हतं. नावं मोहोरबंद पेटीत, पेटी पोचल्यावर उघडायची. उघडली तर सात जणांत जॉन स्मिथचं नाव. आणि हा स्मिथ बंडाच्या संशयावरून वाटेतच अटकेत टाकलेला!

१४ मे १६०७ ला त्यांनी जेम्स नदीतल्या एका बेटावर मुक्काम ठोकला. काठालगत पाणी इतकं खोल, की जहाजं थेट झाडांना बांधता आली. समुद्रातून जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांना दिसायचं नाही. शिवाय तिथे कुणी राहत नव्हतं. का राहत नव्हतं ते उन्हाळ्यात कळलं. भरतीचं खारं पाणी नदीत वर चढतं, मागे दलदल, डासांचं मोहोळ. पाणी प्यायचं तर तेच मचूळ. हगवण आणि तापाने सप्टेंबर संपेपर्यंत निम्मे गेले. जानेवारी १६०८ मध्ये पुढचं जहाज आलं तेव्हा १०४ पैकी ३८ उरले होते.

आता मुद्द्याचं. या सगळ्याची सूत्रं लंडनमध्ये ज्याच्या हातात होती तो सर थॉमस स्माइथ (जॉन स्मिथ वेगळा). ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर हाच, आणि १६०९ पासून दहा वर्षं व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, म्हणजे तिथला मुख्य, तोही हाच. ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी फिलपॉट लेनमधल्या याच्या राहत्या घरात. ऑगस्ट १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाज घेऊन सुरतेला लागला, त्याच शरद ऋतूत जेम्सटाउनला दुसरी कुमक उतरली. शेठ एक, दुकानं दोन.

नोकरही तेच. पहिल्या तीन जहाजांचा कप्तान क्रिस्तोफर न्यूपोर्ट. याचा उजवा हात १५९० मध्ये स्पॅनिशांशी लढताना गेलेला. १५९२ मध्ये हिंदुस्थानातून मिरी-मसाले भरून परतणारं एक अवाढव्य पोर्तुगीज जहाज इंग्रजांनी पकडलं, त्या लुटीतही हा होता. जेम्सटाउनच्या फेऱ्या उरकल्यावर ईस्ट इंडिया कंपनीत लागला आणि १६१७ मध्ये जावातल्या बांतामला वारला. दुसरा सर थॉमस डेल. जेम्सटाउनला पाच वर्षं कडक कारभार केला, मग ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा प्रमुख झाला, डचांशी लढला आणि १६१९ मध्ये आपल्या मछलीपट्टणला मेला.

मग एकाच मालकाचे दोन धंदे इतके वेगळे का झाले? माझं म्हणणं असं. सुरतेत बाजार तयार होता: नीळ, सुती कापड, सराफ, हुंड्या, वर जकातीला मुघलांचा मुतसद्दी. इंग्रजाने तिथे दार ठोठवायचं, नजराणा द्यायचा, माल उचलायचा. व्हर्जिनियात हेच करायला गेले आणि विकत घ्यायला काही मिळालंच नाही. सोनं म्हणून जहाज भरून माती पाठवली, ती मातीच निघाली. पोलंड आणि जर्मनीचे कारागीर आणून काच ओतून पाहिली. रेशीम, लाकूड, सगळं झालं. पैसे संपले तेव्हा लंडनमध्ये लॉटरी काढली, खरोखरची, १६१२ च्या सनदेत परवानगी घेऊन. म्हणजे व्यापार जमला नाही म्हणून शेवटी जमीन धरून बसले. वसाहत हा ठरवलेला बेत नव्हताच, बुडीत धंद्यातून निघालेली वाट होती.

उपासमारीचं जाणूनबुजून लिहिलं नाही. वेळ मिळाला की लिहितो.

---

टांगेवाला

वा! चौथीतला किल्ला वाचूनच जागा पकडली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

कोथिंबीरवडी

लेख आवडला. पण मला एक कळत नाही. नदीत मासे, कालवं, जंगलात हरणं. आमच्या मालवणात खाडीकाठी बसलेला माणूस एकवेळ कर्जात मरेल, उपाशी नाही मरणार. हे कसे मेले?

---

जेम्सकाठचा

@कोथिंबीरवडी, हाच प्रश्न मला पडला होता. ठोकळेबाज उत्तर असं, की आलेल्यांत निम्मे 'जंटलमन', हाताला काम ठाऊक नाही, दिवसभर सोनं हुडकायचे. म्हणून जॉन स्मिथने नियम काढला, काम नाही तर जेवण नाही. ते खोटं नाही, पण पुरेसं नाही.

१९९८ मध्ये काही शास्त्रज्ञांनी इथल्या दलदलीतल्या जुन्या सायप्रस झाडांच्या खोडांतली वर्तुळं मोजली. १६०६ ते १६१२ हा काळ त्या भागातल्या ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा निघाला. म्हणजे ही मंडळी नेमकी दुष्काळात येऊन बसली. नदीला गोडं पाणी कमी, म्हणून भरतीचं खारं पाणी आणखी वर. आणि ज्या स्थानिकांकडून मका मिळवायचा बेत होता त्यांच्याच कणग्या रिकाम्या. आपल्याच पोटाला नसताना ते तांब्याच्या पत्र्यासाठी आणि मण्यांसाठी मका किती दिवस देणार?

त्यात १६०९. कंपनीने नऊ जहाजं, पाचेकशे माणसं पाठवली. वादळात मुख्य जहाज 'सी व्हेंचर' बर्म्युडाच्या खडकांवर चढलं, पुढारी सगळे त्यावर. बाकीची जहाजं लागली ती खाणारी तोंडं घेऊन. ऑक्टोबरात स्मिथ बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजून इंग्लंडला गेला. मग पौहॅटन या स्थानिक लोकांनी किल्ल्याला वेढा दिला. बाहेर पडला तो मेला. कालवं नदीत होती, पण नदीपर्यंत जायचं कुणी?

---

दगडफूल

पुढचं मी लिहिते, कारण तिथल्या संग्रहालयात त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिलेय.

१६०९-१० च्या हिवाळ्यात किल्ल्यात आधी घोडे संपले, मग कुत्री, मांजरं, उंदीर, मग जोड्यांचं कातडं. त्या वेळचा अध्यक्ष जॉर्ज पर्सी याने हे स्वतः लिहून ठेवलंय आणि माणसं पुरलेली प्रेतं उकरून खाऊ लागली हेही लिहिलंय. पुष्कळांना ते अतिरंजित वाटायचं. २०१२ मध्ये किल्ल्यातल्या एका तळघरात, घोड्या-कुत्र्यांच्या हाडांच्या कचऱ्यातच, एका मुलीची कवटी आणि नडगीचं हाड सापडलं. वय साधारण १४. इंग्रज. कपाळावर चार उथळ वार आहेत, शेजारी शेजारी. घाव घालणाऱ्याचा हात धजावत नव्हता असं ते दिसतं. मग डोकं फिरवून मागून घातलेले घाव खोल आहेत. जबड्याला सुरीच्या टोकाच्या रेघा. हे सगळं ती मेल्यानंतरचं. तिचं खरं नाव गेलं, संशोधकांनी 'जेन' म्हटलंय. कवटीवरून चेहरा घडवून शेजारी ठेवलाय. शाळेत जाणारी कुठलीही मुलगी वाटते.

मे १६१० मध्ये बर्म्युडात अडकलेले लोक तिथल्याच लाकडाची दोन जहाजं बांधून येऊन थडकले, तेव्हा किल्ल्यात साठेक सांगाडे हिंडत होते. जूनमध्ये सगळ्यांनी गाशा गुंडाळला. तोफा पुरल्या, जहाजात बसले, नदीने निघालेसुद्धा. वाटेत नवा गव्हर्नर लॉर्ड डेलावेअर येत असल्याची वर्दी घेऊन होडी आली आणि सगळे मागे फिरले. ती होडी एखादा दिवस उशिरा येती तर हा धागाच निघाला नसता.

आणखी एक. किल्ला नदीने गिळला अशीच दीडदोनशे वर्षं समजूत होती. १९९४ मध्ये विल्यम केल्सो यांनी खणायला घेतलं आणि लाकडी कुंपणाचे नुसते काळपट डाग मातीत सापडले. लाकूड कुजलं, पण खड्ड्याचा रंग राहिला. त्या डागांवरून अख्खा त्रिकोण उभा केला. आमच्या क्षेत्रात याला नशीब लागतं.

---

टांगेवाला

जेवताना वाचत होतो. ताट सरकवलं.

---

रामफळ

दोघांनीही छान लिहिलंय. पण "तिथे कुणी राहत नव्हतं" हे वाक्य खटकलं. बेटावर वस्ती नव्हती, पण बेट पॅस्पाहेग लोकांचं होतं, शिकारीचं रान. गावकुसाबाहेरचं गायरान रिकामं दिसलं म्हणून बेवारस होत नाही. सबंध मुलखाला नाव होतं: त्सेनाकोमाका. तीसेक जमाती, चौदापंधरा हजार माणसं, त्यांचा प्रमुख वाहुनसेनाकॉ, ज्याला इंग्रज पौहॅटन म्हणत.

१६०८ मध्ये कंपनीने याच्यासाठी लंडनहून तांब्याचा मुकुट, लाल झगा, पलंग पाठवला. राज्याभिषेक करून त्याला जेम्स राजाचा मांडलिक करायचं. तो त्यांच्या किल्ल्यात आलाच नाही, यांनाच त्याच्या गावी जावं लागलं. मुकुट घेताना गुडघे टेकायलाही तयार नाही. शेवटी दोघातिघांनी खांद्यांवर भार दिला, तो जरासा वाकला, तेवढ्यात न्यूपोर्टने मुकुट ठेवला. बदल्यात त्याने काय द्यावं? आपले जुने जोडे आणि अंगावरचं पांघरूण. (१६७४ मध्ये रायगडावर दुसऱ्या कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन वाकला होता, ते चित्र शेजारी ठेवून बघा.)

आणि वेढा, उपासमार सांगताना पुढचा ऑगस्टही सांगावा. १६१० च्या ऑगस्टमध्ये त्याच पर्सीने पॅस्पाहेगांचं गाव जाळलं, उभा मका कापला, तिथल्या राणीला आणि मुलांना होडीत घातलं. मुलांना पाण्यात फेकून वरून गोळ्या घातल्या. राणीला नंतर तलवारीने मारलं. हेही पर्सीनेच लिहिलंय, हिशेबाच्या वहीसारखं. जेनच्या काचेसमोर माणसं थांबतात. या मुलांची हाडंसुद्धा नाहीत.

---

जेम्सकाठचा

@रामफळ, मान्य. वाक्य चुकीचंच आहे. संपादन करत नाही, तुमचा प्रतिसाद खाली राहू दे.

---

निवृत्त_तलाठी

धागा चांगला आहे, पण जेम्सकाठच्या साहेबांचा मुख्य मुद्दा मला पटलेला नाही. आयुष्य सात-बाराच्या उताऱ्यांत गेलं, त्यामुळे कुठलाही इतिहास वाचताना मी आधी कागद बघतो.

१६०६ च्या सनदेत व्हर्जिनियाची जमीन कशी दिली आहे? "केंट परगण्यातल्या आमच्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीतली असल्याप्रमाणे." म्हणजे लष्करी चाकरीची अट नाही, ठरलेला खंड भरला की जमीन निर्वेध. हा धारा त्यांनी पहिल्याच कागदात घातला, धंदा बुडायच्या आधी. नुसती वखार काढणारा जमिनीचा धारा कशाला ठरवील? सुरतेच्या फर्मानात असलं काही नाही.

आता गंमत बघा. मुंबई बेट १६६१ च्या लग्नाच्या करारात दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगिजांकडून आंदण आलं. २७ मार्च १६६८ ला दुसऱ्या चार्ल्सने ते वर्षाला १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. त्या सनदेतही मुंबई कुठली? केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीतली! शब्द तेच. कागदोपत्री जेम्सटाउन आणि माझगाव एकाच चावडीखाली. म्हणजे संधी मिळाली तिथे हिंदुस्थानातही यांना वसाहतच हवी होती. सुरतेला वखार झाली कारण समोर मुघल होता. मुंबईला नव्हता, तर लगेच वसाहतीचा कागद निघाला. व्यापार जमला की नाही हा प्रश्नच नाही, समोर हाकलणारा कोण आहे हा प्रश्न.

---

जेम्सकाठचा

तलाठीकाका, ईस्ट ग्रीनिचचं वाचून खुर्चीत सरळ बसलो. मुंबईच्या सनदेत तेच कलम आहे हे माहीत नव्हतं.

मुद्दा अर्धा सोडतो. बेतात वसाहत होती, कबूल. पण सुरुवातीला कंपनीने जमीन कुणाला दिली होती? कुणालाच नाही. सगळे कंपनीचे चाकर, कोठार सामाईक, डेलच्या काळात तर सकाळ-संध्याकाळ नगाऱ्यावर कामाला जायचं. कोठारातून चोरलं तर झाडाला बांधून उपाशी मारायचे, पळून स्थानिकांकडे गेलेल्यांना फाशी, जाळणं, चाकावर हाडं मोडणं. ही कारखान्याची शिस्त झाली, गावाची नाही. माणशी ५० एकराचा 'हेडराइट' आला तो १६१८ मध्ये. जो स्वतःचं किंवा दुसऱ्याचं जहाजभाडं भरील त्याला डोईमागे ५० एकर. म्हणजे कागद १६०६ चा, पण जमीन माणसाच्या हाती पडायला बारा वर्षं. आणि मधल्या काळात काय झालं? तंबाखू.

---

विजापुरी

तंबाखू म्हटल्यावर यावंच लागलं.

जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास स्पॅनिश मुलखातलं गोड तंबाखूचं बी लावलं, कारण व्हर्जिनियाचा देशी तंबाखू जिभेला झोंबायचा. १६१७ मध्ये २०,००० पौंड वजनाचा माल लंडनला गेला. त्याच वर्षी नवा गव्हर्नर सॅम्युअल अर्गॉल आला तर चर्च पडलेलं, कुंपण मोडलेलं आणि बाजारात, रस्त्यांत, रिकाम्या जागेत सगळीकडे तंबाखू लावलेला! १६२९ पर्यंत १५ लाख पौंडांच्या घरात. पुढे पाद्र्याचा पगारसुद्धा तंबाखूत.

पण रॉल्फच्या आठएक वर्षं आधी, १६०४ च्या आसपास, अकबराचा वकील असद बेग आमच्या विजापुराहून परत गेला तो तंबाखू आणि जडावाची चिलीम घेऊन. पोर्तुगिजांनी गोव्यात उतरवलेलं पान दख्खनेत तोवर रुळलं होतं. अकबराने झुरका घेतला, हकीम हां-हां करत राहिले. त्याच १६०४ मध्ये लंडनमध्ये जेम्स राजाने तंबाखूच्या विरोधात पुस्तिका लिहिली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला. दोन्ही बादशहांचं कुणी ऐकलं नाही. जेम्सला तर स्वतःच्या नावाच्या गावात तेच पीक बघावं लागलं, आणि त्याच्या जकातीचे पैसे त्याने मोजूनही घेतले.

---

कोथिंबीरवडी

तंबाखूत पगार म्हणालात म्हणून. तंबाखूत बायकाही मिळायच्या. १६२१ मध्ये कंपनीने ५७ अविवाहित मुली पाठवल्या, सर्टिफिकिटं घेऊन, चांगल्या घरच्या म्हणून. जो लग्न करील त्याने कंपनीला १५० पौंड उत्तम पान द्यायचं. म्हणजे हुंडा उलटा. मुलीला नकार द्यायचा हक्क होता असं कागदावर आहे. पण ज्या गावात हिवाळ्यानंतर किती उरतील सांगता येत नाही तिथे नकार देऊन जायचं कुठे?

तलाठीकाकांच्या मुद्द्याला जोड: मुंबई हाती आल्यावर कंपनीने तिथल्या शिपायांसाठीही इंग्लंडहून लग्नाच्या मुली धाडल्या होत्या. आणि मुंबईतही माणसं अशीच पटापट जायची. माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हणच पडली होती.

---

चार्ल्सनदी

आम्ही बॉस्टनकर. इथे मेफ्लॉवर जहाज, १६२०, प्लिमथ हीच सुरुवात मानतात. थँक्सगिव्हिंगला तर विचारूच नका. जेम्सटाउनचं नाव मुलांच्या पुस्तकात एका पानात.

---

दगडफूल

@चार्ल्सनदी, कारण सोपं आहे. उत्तरेकडची गोष्ट सांगायला बरी: धर्मासाठी आलेली कुटुंबं. मेफ्लॉवरच्या १०२ पैकीही निम्मे पहिल्या हिवाळ्यात गेलेच होते. आणि इंग्रज सोडून बघाल तर फ्लोरिडात स्पॅनिशांचं सेंट ऑगस्टीन १५६५ पासून आहे, आजही नांदतं गाव. पहिला नंबर कुणाचा यावर भांडायचं तर रांगेत मूळचे लोक उभे आहेत.

---

रामफळ

तंबाखू आला म्हणजे हात आले. ऑगस्ट १६१९ च्या अखेरीस 'व्हाइट लायन' जहाज पॉइंट कम्फर्टला लागलं. त्यात वीस-बावीस आफ्रिकी माणसं होती, अंगोलातून मेक्सिकोला निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली. धान्यापाण्याच्या बदल्यात ती उतरवून घेतली. आणि त्याच उन्हाळ्यात, चार आठवडे आधी, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये इथली पहिली निवडलेली सभा बसली होती. दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत.

पाठोपाठ 'ट्रेझरर' नावाचं जहाज आलं. त्यावरून आलेली अँजेला ही बाई १६२५ च्या शिरगणतीत जेम्सटाउनमध्ये नावानिशी सापडते. हेच 'ट्रेझरर' १६१३ मध्ये पोकाहॉन्टसला (पौहॅटनची मुलगी, पुढे जॉन रॉल्फची बायको) पळवायला वापरलं होतं. तिच्याच ओळखीच्या जोडप्याने तिला जहाजावर चढवलं, मोबदला तांब्याची किटली. १६१६ मध्ये ती, रॉल्फ आणि डेल इंग्लंडला गेले तेही याच जहाजाने. पुढच्या मार्चमध्ये ती ग्रेव्ह्जएंडला वारली. एका जहाजाची नोंदवही काढली तरी अख्खं जेम्सटाउन त्यात येतं.

आणि तलाठीकाकांसाठी एक कागद. १६३५ मधला जमिनीचा दस्त, मालक जॉर्ज मेनिफी. ज्या माणसांच्या डोईमागे त्याला एकर मिळाले त्या यादीत एक नोंद: "टोनी, ईस्ट इंडियन". आडनाव नाही, गाव नाही. मेनिफीच्या खात्याला ५० एकर जमा.

---

निवृत्त_तलाठी

हा उतारा वाचून बराच वेळ गप्प बसलो. आमच्या दप्तरात 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. कुळाचं नाव निदान तिथे तरी लागतं.

---

टांगेवाला

शेवटी कंपनीचं झालं काय?

---

जेम्सकाठचा

बुडाली. २२ मार्च १६२२ ला पौहॅटननंतरचा प्रमुख ओपेचँकनॉ याच्या लोकांनी नदीकाठच्या वस्त्यांवर एकाच सकाळी हल्ला केला, ३४७ मेले, म्हणजे चारातला एक. मग चौकशी लागली आणि हिशेब उघडे पडले: १६०७ पासून सहा हजारांवर माणसं पाठवलेली, आणि १६२५ च्या गणतीत जिवंत बाराशे. १६२४ मध्ये सनद रद्द, मुलूख राजाच्या ताब्यात. भागधारकांना फुटकी कवडी नाही. (एक भाग साडेबारा पौंडांचा होता.) हाकलणारा समोर नसला की काय होतं, या तलाठीकाकांच्या प्रश्नाला १६२२ हे अर्धं उत्तर आहे: हाकलून बघितलं, पण तोवर तंबाखूची मुळं फार खोल गेली होती.

---

चार्ल्सनदी

नाताळच्या सुट्टीत तिकडे येतोय, मुलं बरोबर आहेत. काय बघू?

---

जेम्सकाठचा

या की. एक सांभाळा, जागा दोन आहेत आणि नावं सारखीच, तिकिटं वेगळी. 'जेम्सटाउन सेटलमेंट'ला जहाजांच्या प्रतिकृती, मुलांना चढायला मिळतं. 'हिस्टॉरिक जेम्सटाउन' म्हणजे खरं बेट, तिथे खणकाम चालू असतं आणि खणणारे लोक विचारलं तर हातातलं ठेवून बोलतात. जेन त्याच बेटावरच्या संग्रहालयात आहे. मुलं लहान असतील तर आधी तुम्ही एकटे आत जाऊन या.

न्यूपोर्ट न्यूजला गेलात तर विद्यापीठाच्या दारात कप्तान न्यूपोर्टचा मोठा पुतळा आहे. दोन्ही हात शाबूत. लेकीने मोजले आणि बाईंना जाऊन सांगितलं.

परतताना गाडी घेऊन फेरीबोटीने पलीकडे जा, पैसे पडत नाहीत. डेकवर उभं राहून मागे बघितलं की बेट आणि नदी एका पातळीत दिसतात. डासांची काळजी नको, डिसेंबरात नसतात.